नित्याचा योग आणि घराची घडी

योगाभ्यास हितकर आहे, हें आतां कोणास पटवून देण्याची गरज राहिलेली नाहीं. संयुक्त राष्ट्रसंघानें २०१४ सालीं २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून मान्य केला; २०१५ पासून तो देशोदेशीं साजरा होऊं लागला; आणि आतां त्या दिवशीं सकाळीं गांवोगांवचीं मैदानें माणसांनीं फुलून जातात. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु २२ जूनच्या सकाळीं त्यांपैकीं किती जणांच्या सतरंज्या पुन्हां उलगडल्या जातात, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें योगाचा सारा लाभ त्या २२ जूनवर, आणि तिच्यामागून येणाऱ्या प्रत्येक साध्या, बिनसमारंभाच्या सकाळीवर अवलंबून आहे. म्हणून या लेखांत आसनांचे चमत्कार न वर्णितां अभ्यासाच्या नित्यपणाविषयीं, आणि तो नित्यपणा भरल्या घरांत कसा साधावा याविषयीं, चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असें कोणी विचारील, तर तो चुकलेल्या माणसाचा अधिकार आहे, एवढेंच उत्तर आम्ही देऊं. आमचें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नाहीं. लहानपणीं संस्कृत शिकलों व तेंच पुढें तेहतीस वर्षें शाळेंत शिकविलें. पातंजल योगसूत्रांचे समाधि, साधन, विभूति व कैवल्य हे चारही पाद आम्हांस तोंडपाठ होते. ‘युज्’ धातु दोन आहेत, एकाचा अर्थ जोडणें व दुसऱ्याचा समाधि, आणि योगसूत्रांवरील व्यासभाष्यानें दुसरा अर्थ स्वीकारला आहे, हें आम्हीं कित्येक वर्गांस फळ्यावर लिहून समजाविलें. मात्र शाळा सुटल्यावर घरीं येऊन ताठ पाठीनें दहा मिनिटें स्वस्थ बसावें, ही बुद्धि आम्हांस कधीं झाली नाहीं. दुसऱ्यांचीं गणितें सोडवून देणाऱ्या मास्तरानें घरचा जमाखर्च कधीं मांडूं नये, त्यांतलाच हा प्रकार!

या उपेक्षेचें फळ सेवानिवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षीं पदरांत पडलें. चष्मा बदलण्यापूर्वीं सहज म्हणून प्रकृति दाखविली, तों रक्तदाब १६० वर १०० निघाला. गुडघे धरत होते. रात्रीं दोन-अडीचच्या सुमारास जी जाग येई ती पहांटेपर्यंत. आणि सर्वांत वाईट म्हणजे, हातांत छडी असतांनाही जो राग आम्हीं आंवरून धरला होता, तो आतां घरांतल्या माणसांवर निघूं लागला. वर्तमानपत्राची घडी विसकटली कीं आवाज चढे. आमचा आठ वर्षांचा नातू खोलींत शिरण्यापूर्वीं दाराशीं थांबून आधीं आमच्या चेहऱ्याकडे पाही, आणि मग आंत यावें कीं परत फिरावें तें ठरवी. ज्या मुलास आजोबांच्या मांडीवर हक्कानें बसावयाचें, त्यानें उंबऱ्यावर उभें राहून हवामान पाहावें, ही गोष्ट आम्हांस रक्तदाबाच्या आंकड्यापेक्षां अधिक लागली.

आमचे डॉक्टर जुन्या ओळखीचे. ते म्हणाले, “मास्तर, गोळी तर घ्यावीच लागेल. पण तुमचें हें दिवसभर बसून राहणें आधीं सोडा.” त्याच महिन्यांत योगदिन आला. आम्ही मैदानावर गेलों, तेथल्या उत्साहानें भारावलों, आणि दुसऱ्या दिवसापासून एका पुस्तकांतील चित्रें पाहून अभ्यास सुरू केला. ज्याला अर्धी मांडी घालून उठतांना भिंत धरावी लागते अशा गृहस्थानें चौथ्याच दिवशीं शीर्षासनास हात घातला! पाय वर गेले, परंतु मान अशी लचकली कीं तीन आठवडे उजवीकडे पाहावयाचें झाल्यास सबंध देह फिरवावा लागे. अभ्यास अर्थातच बंद पडला. रक्तदाब असतां डोकें खालीं व पाय वर करणें धोक्याचें, ही गोष्ट डॉक्टरांनीं मागाहून जरा कडक शब्दांत सांगितली.

त्या तीन आठवड्यांत मान वळत नसल्यामुळें आम्हांस विचार करण्यास सवड मिळाली. योगसूत्रें पुन्हां काढलीं, आणि या खेपेस तीं शिकविण्यासाठीं न वाचतां स्वतःसाठीं वाचलीं. तेव्हां तीन गोष्टी ध्यानांत आल्या. पहिली ही कीं, पतंजलींनीं आसनाविषयीं फारच थोडें सांगितलें आहे. बैठक स्थिर असावी आणि सुखाची असावी, एवढीच त्यांची अपेक्षा. दुसरी ही कीं, अभ्यास दृढ होण्यास त्यांनीं तीन गोष्टी आवश्यक धरल्या आहेत: तो दीर्घकाळ चालावा, मध्यें खंड पडूं नये, आणि तो आदरपूर्वक व्हावा. किती कठीण आसन केलें याला तेथें मुळींच स्थान नाहीं. आणि तिसरी गोष्ट अशी कीं, चित्ताच्या विक्षेपांबरोबर जीं लक्षणें येतात म्हणून त्यांनीं सांगितलें आहे, त्यांत दुःख व मनाची खिन्नता यांच्या पंक्तीलाच शरीराचा कंप आणि श्वासाची अनियमितता हीं बसविलेलीं आहेत. मन बिघडलें कीं श्वास बिघडतो, हें ज्यांनीं इतक्या प्राचीन काळीं टिपून ठेवलें, त्यांनीं श्वास सुधारून मनाकडे जाण्याचा मार्गही सांगून ठेवावा हें स्वाभाविकच होय.

मनाचा आणि शरीराचा हा संबंध नुसत्या श्रद्धेवर न सोडतां यंत्रांनीं मोजून पाहण्याचा उपक्रम आपल्याच महाराष्ट्रांत झाला, याचा उल्लेख येथें केलाच पाहिजे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमींचे जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६), हे संस्कृताचे व्यासंगी. बडोद्यास प्रोफेसर माणिकराव यांच्याजवळ त्यांनीं शरीरसाधना केली, आणि नर्मदातीरावरील मालसर येथें परमहंस माधवदासजी यांच्यापाशीं योगाचे धडे घेतले. काहीं काळ अमळनेर येथें ते अध्यापक होते. गुरूंनीं सांगितलेल्या क्रिया करतांना शरीरांत नेमकें काय घडतें, ही जिज्ञासा त्यांस स्वस्थ बसूं देईना. बडोद्याच्या रुग्णालयांत क्ष-किरणांच्या साहाय्यानें त्यांनीं उड्डियान व नौलि या क्रियांची तपासणी केली. नौलीच्या वेळीं मोठ्या आंतड्यांत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षां कमी होतो, हें पुढें पाऱ्याच्या दाबमापकानें मोजून दाखविलें. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झालें आणि ‘योग-मीमांसा’ हें नियतकालिक निघूं लागलें. गूढ म्हणून गुहेंत ठेवलेली विद्या प्रयोगशाळेच्या मेजावर आणण्याचें तें धाडस होतें, आणि तें करणारा मनुष्य आमच्यासारखाच एक शिक्षक होता, ही गोष्ट आम्हांस फार धीर देऊन गेली.

आतां शास्त्राचा निष्कर्ष काय तो थोडक्यांत सांगतों. प्रौढ मनुष्य स्वस्थ बसला असतां मिनिटास सुमारें बारा ते वीस श्वास घेतो. हा वेग सहाच्या आसपास आणला, म्हणजे श्वास आंत घेण्यास व सोडण्यास मिळून दहा सेकंद लावले, तर हृदयाच्या गतींत इष्ट फरक पडतो. उच्छ्वास लांबला कीं व्हेगस नांवाचा जो मोठा मज्जातंतु मेंदूपासून हृदयाकडे व पोटाकडे जातो, त्याचा अंमल वाढून हृदयाचे ठोके मंदावतात. मानेंतील मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारीं जीं सूक्ष्म केंद्रें आहेत, तींही अशा संथ श्वासानें अधिक तत्पर होतात. २००१ सालीं इटालींतील संशोधकांच्या पुढाकारानें झालेला एक प्रयोग मोठा मनोरंजक आहे. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि आपल्याकडील एक मंत्र, दोन्ही म्हणावयास लावून पाहिलें. तों दोहोंनींही श्वास मिनिटास सहाच्या जवळ आला आणि वरील दाबनियंत्रण सुधारलें. आमच्या आजीचें संध्याकाळचें संथ स्तोत्रपठण हें काय होतें, याचा उलगडा आम्हांस असा साता समुद्रांपलीकडून झाला.

पाठीच्या दुखण्याचेंही तसेंच. जुनाट कंबरदुखीवर योगाभ्यासानें कार्यक्षमता थोडी तरी सुधारते, असें अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणांतून दिसून आलें आहे. आणि २०१७ सालीं अमेरिकेंतील वैद्यांच्या एका मान्यवर संस्थेनें अशा दुखण्यावर औषधापूर्वीं योजावयाच्या उपायांत योगाचा समावेश केला. ‘थोडी तरी’ हे शब्द आम्हीं मुद्दाम वापरले आहेत. योगानें सर्व रोग समूळ नाहींसे होतात असें सांगत फिरणारे लोक योगाचे मित्र नव्हत. त्यांच्या बोलण्यावर विसंबून कोणी गोळ्या टाकल्या, तर होणाऱ्या अनर्थाचा दोष विनाकारण या विद्येस लागतो.

असो. मान बरी झाल्यावर आम्हीं पुन्हां आरंभ केला, आणि या वेळीं जाणत्या शिक्षकाकडून सहा-सात सोपीं आसनें व संथ श्वसन एवढेंच शिकून घेतलें. सकाळीं सहा वाजतां बैठक सुरू होई ती पाऊणतास चाले. दोन महिन्यांत झोंप सुधारली. रक्तदाब उतरणीस लागला. आम्ही मनांतून खूष होतों. आणि येथेंच आम्हांस दुसरा, पहिल्यापेक्षां मोठा धडा मिळाला.

आमची ही सकाळची साधना कशी चाले, तें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. सहाच्या आंत सौ. उठून दिवाणखान्याचा केर काढीत, सतरंजी घालीत, कोमट पाण्याचें भांडें झांकून ठेवीत. पाऊणतास घरांत कोणी मोठ्यानें बोलावयाचें नाहीं, कुकरची शिट्टीसुद्धां होतां कामा नये, असा आमचा दंडक होता. त्यामुळें सारा स्वयंपाक पावणेसातनंतर एकदम अंगावर येई. डबे भरतांना सूनबाईंची व सौ.ची तारांबळ उडे. आम्ही मात्र शवासनांतून उठून प्रसन्न मुद्रेनें चहाची वाट पाहत बसत असूं.

एके दिवशीं आम्ही चहा घेतांना सौ.ना म्हणालों, “तुम्हीही करीत जा हो थोडें. पाठ दुखते म्हणतां ना?” त्या पोळीचा उंडा हातांत तसाच धरून क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो, तुमचा योग होतो, म्हणूनच तर माझी पाठ जाते.” एवढेंच बोलून त्यांनीं पोळी लाटावयास घेतली. त्या शब्दांत राग नव्हता, आणि म्हणूनच त्यांस उत्तर नव्हतें.

त्या दिवशीं आम्हीं आमच्या शास्त्राचा हिशेब नव्यानें मांडला. अष्टांगांत आसन तिसरें. त्याच्या आधीं यम व नियम. आणि यमांत पहिली अहिंसा. एका माणसाच्या स्थिर व सुखाच्या बैठकीसाठीं दुसऱ्या माणसास अस्थिर व कष्टी व्हावें लागत असेल, तर ती बैठक कितीही शुद्ध असली तरी तिचा पाया मुळांतच चुकला. तेहतीस वर्षें जो क्रम आम्हीं मुलांकडून घोकून घेतला, तो आमच्या स्वतःच्या माजघरांत उलटा चालला होता.

‘बायकांना वेगळा व्यायाम कशास? घरकाम हाच त्यांचा योग,’ असें म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. आम्हींही पूर्वीं तसेंच म्हणत होतों. परंतु जरा बारकाईनें पाहिल्यास हा युक्तिवाद टिकत नाहीं. घरकामांत शरीर बहुधा पुढेंच वांकतें. मागें किंवा बाजूस क्वचितच वळतें. एकाच हातावर, एकाच खांद्यावर भार पडतो. जड भांडें उचलतांना श्वास कोंडला जातो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे लक्ष कधीं एके ठिकाणीं राहत नाहीं: हात परातींत, डोळे दुधावर, आणि कान दाराच्या घंटीकडे. जें काम शरीरास एकाच बाजूनें झिजवितें व मनास दहा दिशांनीं ओढतें, तें योग कसें होईल? श्रम आणि व्यायाम यांत भेद आहे. व्यायामांत शरीराची काळजी हा हेतु असतो, श्रमांत दुसऱ्याची गरज. ज्यांस श्रम अधिक, त्यांस योगाची गरज अधिक, असाच यांतून निष्कर्ष निघतो. योगास योग्य पुरुषांची बैठक आणि बायकांचें स्वयंपाकघर, ही विभागणी कोणत्याही शास्त्रांत नाहीं. ती केवळ आपल्या सोयीची आहे.

त्या रात्रीं जेवणानंतर आम्हीं चिरंजीव, सूनबाई व सौ. यांस बसवून घेतलें आणि प्रश्न मांडला: घरांतल्या प्रत्येकास सकाळीं अखंड वीस मिनिटें कशीं मिळतील? आमचा पाऊणतास आम्हीं आपण होऊन सोडला. मग एकेक काम पुढें आलें. दूध आणून तापविणें आमच्याकडे आलें. दुसऱ्या दिवसाची भाजी रात्रींच निवडून-चिरून ठेवणें चिरंजीवांनीं पत्करलें. पाण्याच्या बाटल्या भरणें व सतरंज्या घालणें नातवाकडे. “आणि कणीक?” आम्हीं विचारलें. सूनबाई हंसून म्हणाल्या, “मामंजी, तीही शिकाल हळूहळू.” कणकेचा आमचा अभ्यास अजून चालू आहे, आणि त्यांतही पाणी किती घालावें यापेक्षां केव्हां थांबावें हें ज्ञान अधिक अवघड आहे, असा आमचा अनुभव आहे.

अशा रीतीनें गेलीं दोन वर्षें आमच्या घरीं सहा वाजून दहा मिनिटांपासून साडेसहापर्यंत सर्व मंडळी एकत्र बसतात. कोणी फार कठीण कांहीं करीत नाहीं. वाचकांस उपयोगीं पडावा म्हणून तो क्रम येथें देतों. प्रथम ताडासन: पाय जुळवून, टाचा रोंवून, पाठ लांब करून उभें राहावयाचें. मग भिंतीजवळ एका पायावर तोल सांभाळणें; म्हातारपणीं पडण्याची जी भीति असते तिच्यावर हा चांगला उपाय. नंतर हात-गुडघ्यांवर ओणवें होऊन श्वासाबरोबर पाठीची कमान खालीं-वर करावयाची, ज्यास मार्जारासन म्हणतात. मग पालथें पडून भुजंगासन, परंतु बेंबी जमिनीवरून न उचलतां. उताणें होऊन एकेक गुडघा पोटाशीं घेणें. बसून वक्रासन, दोन्ही बाजूंस सारखें. शेवटीं चार मिनिटें शवासन व चार मिनिटें संथ श्वसन. त्यांत श्वास कोंडावयाचा नाहीं, केवळ घेण्यापेक्षां सोडण्यास अधिक वेळ द्यावयाचा. पोट रिकामें असावें. जेवणानंतर करावयाचें झाल्यास तीन-चार तास जाऊं द्यावेत.

ज्यांस जमिनीवर बसवत नाहीं, त्यांनीं निराश होऊं नये. बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) लहानपणीं अतिशय रोगट होते. १९३७ सालीं ते पुण्यास योग शिकविण्यासाठीं आले आणि पुढें तेथेंच राहिले. खुर्ची, पट्टा, लांकडी ठोकळा, घडी घातलेलें कांबळें, भिंत, अशा घरगुती वस्तूंच्या आधारानें वृद्धांस व दुखणेकऱ्यांस आसनें करवून घेण्याची पद्धति त्यांनीं वाढविली, आणि ती जगभर गेली. आसनासाठीं शरीर मोडावयाचें नसून शरीराच्या बेतानें आसन बसवावयाचें, हें त्यांतील मर्म. आमच्या सौ. आरंभीं खुर्चीवर बसूनच वळण घेत असत.

कांहीं सावधगिरीच्या सूचना केल्याच पाहिजेत. उच्च रक्तदाब, हृदयविकार, कांचबिंदु किंवा मानेच्या मणक्यांचा विकार असणाऱ्यांनीं शीर्षासन व तत्सम आसनें करूं नयेत. शीर्षासनांत डोळ्यांतील दाब जवळजवळ दुप्पट होतो, असें मोजून पाहण्यांत आलें आहे. अशा मंडळींनीं भस्त्रिका, कपालभाति यांसारखा जोराचा श्वास व दीर्घ कुंभक हेही वर्ज्य समजावेत. गरोदर स्त्रियांनीं वैद्याच्या सल्ल्यावांचून नवीन कांहीं आरंभूं नये. चालू औषध आपल्या मनानें बंद करूं नये. आणि एवढ्यानें चालणें-फिरणें सुटलें असेंही मानूं नये; आठवड्यास किमान दीडशें मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल प्रौढांस हवी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आम्ही संध्याकाळीं अर्धा तास चालतों.

आतां लाभ काय झाला, तें सांगतों. आमची रक्तदाबाची गोळी सुटलेली नाहीं. परंतु दाब ताब्यांत राहतो. रात्रीं जाग आली तरी पुन्हां झोंप लागते. सौ.ना पूर्वीं देवापुढून उठतांना पाटावर हात टेकून, एक गुडघा उभा करून, दोनदां थांबून उठावें लागे. चवथ्या-पांचव्या महिन्यांत एके दिवशीं त्या सरळ उठून उभ्या राहिल्या आणि आपणच चकित झाल्या. पाठ अजून दुखते, पण रोज दुखत नाहीं. सूनबाई सांगतात कीं त्या वीस मिनिटांत त्यांस कोणीही हांक मारीत नाहीं, हाच मोठा लाभ. रागाचें माप घेणारें यंत्र अजून निघालेलें नाहीं. तो गेला असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र तो येण्यापूर्वीं श्वास आंखूड होतो, हें आतां आमच्या ध्यानांत येतें, आणि पुष्कळदां तेवढ्यावर निभावतें. नातू दाराशीं थांबत नाहीं. हा लाभ आम्ही सर्वांत वरचा मानतों.

शेवटीं एका गोष्टीचा खुलासा करावयास हवा. या लेखांत आम्हीं नित्यपणाचा पुरस्कार केला आहे. परंतु हठप्रदीपिकेंत योगाचा नाश करणाऱ्या ज्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत अतिभोजन, अतिश्रम, वायफळ बडबड इत्यादींबरोबर नियमाचा आग्रहही मोजला आहे. नियम निराळा आणि नियमाचा हेका निराळा. घरांत आजारपण आहे, पाहुणे आले आहेत, बाळंतीण आहे, तेव्हां वीस मिनिटांचीं पांच करावीं. प्रवासांत गाडीच्या बांकावर बसून नुसता श्वास पाहावा. खंड पडला तर खंत न करितां दुसऱ्या दिवशीं पुन्हां बसावें. कुकरची शिट्टी बंद ठेवणें हा नियम नव्हता, तो हेका होता. आतां शिट्टी होते, आणि आमचें कांहीं बिघडत नाहीं.

वाचकांस एवढीच विनंति आहे कीं, हा अंक खालीं ठेवल्यावर आसनांची यादी करण्यापूर्वीं घरांतील माणसांची यादी करावी. सकाळच्या वेळीं स्वतःचीं वीस मिनिटें कोणाच्या वांट्यास येत नाहींत, तें पाहावें. बहुतेक घरांत तें नांव शोधावें लागणार नाहीं. त्या व्यक्तीच्या हातांतील एखादें काम उद्यां सकाळीं आपण उचलावें, आणि मग तिच्यासाठीं व आपल्यासाठीं, अशा दोन सतरंज्या घालाव्यात.